केमो चालू असताना हळदीच्या कॅप्सूल, गुळवेल, ताकदीचे डबे... आईला काय द्यायचं, काय बंद करायचं?

पेवाकाठचा

नमस्कार मंडळी, पोस्ट मोठी होणार आहे, आधीच माफी मागतो. आमच्या आईला (वय ५६) छातीत कॅन्सरची गाठ निघाली, ऑपरेशन झालं, आता मिरजेत केमो चालू आहे. पहिले चार डोस लाल पाण्याचे (म्हणजे लाल रंगाच्या केमोच्या औषधाचे), दर एकवीस दिवसांनी, त्यातले दोन झालेत, पुढं पॅक्लिटॅक्सेल दर आठवड्याला असे बारा, असं फाईलवर लिहून दिलंय. आई धीराची आहे, केस गेले तेव्हा सुद्धा पदर डोक्यावर घेतला आणि "चला, तेलाचा खर्च वाचला" म्हणाली. तिचा प्रश्न नाही. प्रश्न पाव्हण्यांचा आहे.

पूर्वी आजारी माणसाला बघायला येणारा मोसंबी नाहीतर शहाळं घेऊन यायचा, आता प्रत्येकाच्या पिशवीतनं डबा निघतोय. आत्तीनं पुण्याहून हळदीच्या कॅप्सूल आणल्या, ५०० मिलिग्रॅम, ९५ टक्के कर्क्युमिन आणि वर मिरीचा अर्क. आता हरिपूरच्या हळद साठवायच्या पेवांपासून हाकेच्या अंतरावर आमचं घर, आज्ज्यानं सगळा जन्म मार्केट यार्डात हळदीची पोती उचलण्यात घालवला, २०१८ ला सांगलीच्या हळदीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं आणि आमच्या घरात हळद येतीय पुण्यातनं बाटलीत बसून. असो. धाकट्या मामांनी त्यांच्या त्या साखळीवाल्या कंपनीचा अँटिऑक्सिडंटचा डबा दिला, ३२०० रुपये, पाव्हणा म्हणून ३००० ला. शेजारच्या काकू गुळवेलीचा काढा करून देतात. चुलत बहिणीनं केस लवकर यावेत म्हणून बायोटिनच्या गोड गोळ्या आणल्या. मेडिकलवाल्यानं मल्टीव्हिटॅमिन आणि प्रोटीन पावडर गळ्यात मारली. आण्णांनी तर गच्चीवर सात कुंड्यांत गव्हांकुर लावलेत, सात वारांच्या सात कुंड्या, रोज सकाळी रस. आणि लक्ष्मणफळ केमोच्या दहा हजार पट भारी असतंय हा मेसेज मला आत्तापर्यंत अकरा जणांनी पाठवलाय.

हे सगळं आई घेतीय. कुणाचं मन मोडायचं नाही म्हणून घेतीय.

आता खरी गोष्ट. दुसऱ्या डोसनंतरच्या रिपोर्टात एसजीपीटी (लिव्हरची टेस्ट) ११८ आलंय, पहिल्यांदा ३० च्या आसपास होतं. डॉक्टरांनी विचारलं, "बाहेरचं काही चालू आहे का?" आई म्हणाली, "न्हाई हो, घरचं साधं जेवण." मी शेजारीच उभा होतो. मी पण गप्प बसलो. ओपीडीला ही गर्दी, आपल्या वाट्याला दोन मिनिटं, त्यात कुठं पिशवी उघडायची असं वाटलं, पण ते काही खरं कारण नाही, ओरडतील म्हणून गप्प बसलो. तेव्हापासनं झोप लागेना झालीय. पुढच्या आठवड्यात परत रक्त तपासून मग तिसरा डोस द्यायचा का ते ठरणार आहे.

कुणाचा अनुभव असेल तर सांगा. यातलं काय चालतंय काय नाही?

कवठ्याचा_दादा

भावा घाबरू नको. आमच्या मामांना घशाचा होता, त्यांनी केमो, शेक (रेडिएशन) सगळं घेतलं आणि जोडीला गव्हांकुर रस एक दिवस चुकवला नाही, आज आठ वर्षं झाली, माणूस ठणठणीत हाय, शेतात जातोय, ट्रॅक्टर चालवतोय. डॉक्टर लोकांना आपलं घरगुती काय बी पटत नाही हे मी अनुभवानं सांगतो. हळद तर आपण जन्मल्यापासनं खातोय, तिनं काय वाईट व्हायचंय. आईला दे, नुसतं केमिकल मारून शरीर खंगतंय, त्याला आधार नको का?

कराडकर_जावई

वरच्या दादांच्या मामांना उदंड आयुष्य मिळो, पण त्यांनी केमो आणि शेकपण घेतला होता ना, मग सगळं श्रेय गव्हाला का देताय 😄

आमची गोष्ट सांगतो. सासऱ्यांना आतड्याचा होता, ऑपरेशननंतर केमोच्या गोळ्या, कॅपेसिटाबिन, चौदा दिवस घ्यायच्या आणि सात दिवस सुट्टी. घरीच गोळ्या म्हणल्यावर आम्हाला वाटलं हे सोपं काम आहे. अशक्तपणा होता म्हणून मीच, होय मीच, रक्तवाढीच्या गोळ्या आणि एक बी-कॉम्प्लेक्स चालू केलं, दोन्हीत फॉलिक अॅसिड, आणि वर मेव्हण्यानं अमेरिकेतनं आणलेली मल्टीव्हिटॅमिन, त्यात पण फॉलिक. तिन्ही मिळून किती होतंय हे कुणी मोजलं नाही. दुसऱ्या सायकलला हातापायाची कातडी सोलपटून निघाली, चप्पल घालता येईना, आणि संडास दिवसाला दहा-बारा वेळा. कराडला अॅडमिट, चार दिवस सलाईन.

तिथल्या डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या मागवल्या आणि एका कागदावर बेरीज केली. म्हणाले, हे केमोचं औषध ज्या वाटेनं काम करतं त्याच वाटेवर फॉलिकपण असतं, फॉलिक जास्त झालं की औषधाचा मारा वाढतो, आणि तो मारा नुसता गाठीवर नाही, कातडी आणि आतड्यावर पण बसतो. त्यामुळंच झालं असं ते छातीठोकपणे म्हणाले नाहीत, त्या गोळ्यांनी नुसत्या पण हातपाय सोलतात. पण बाकीचं सगळं बंद केलं, डोस थोडा उतरवला, आणि पुढच्या सहा सायकल निघाल्या.

आता यातली गंमत ऐका. त्याच वॉर्डात शेजारच्या कॉटवर फुप्फुसाचे पेशंट होते, विट्याकडचे, त्यांना पेमेट्रेक्सेड चालू होतं, आणि त्यांना डॉक्टरांनी स्वतः फॉलिक अॅसिडची गोळी रोज घ्यायला लावलेली, बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन पण ठराविक दिवसांनी, ते नसेल तर केमोच देत नाहीत म्हणे. एका कॉटवर फॉलिक बंद, दुसऱ्या कॉटवर फॉलिक सक्तीचं. तेव्हा डोक्यात उजेड पडला की "व्हिटॅमिन चांगलं का वाईट" हा प्रश्नच चुकीचा आहे, कुठल्या औषधाबरोबर ते विचारायचं. म्हणून इथं कुणी तुम्हाला "आमच्या अमक्याला चाललं" म्हणलं तर आधी विचारा त्याला कुठली केमो होती.

ड्युटी_संपली

कुठं काम करते ते सांगत नाही, पण केमोचे डोस मोजून भरून द्यायच्या खोलीत माझी चौदा वर्षं गेलीत. मी डॉक्टर नाही, तुमच्या आईंचे डॉक्टर सांगतील तेच शेवटचं. पण पोस्ट वाचून राहवलं नाही म्हणून चहा थंड करून लिहितेय.

आधी ते मनाला लावून घेतलंय ते सोडा. "बाहेरचं काही नाही" हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकतो, आणि तेच पेशंट सलाईन लावलं की शेजारच्या बाईला हळूच सांगतात कुठला काढा कुठं मिळतो ते. पण उद्या नाही, आजच फोन करा. ११८ केमोनंपण होऊ शकतं. पण तुमच्या पिशवीतल्या निदान दोन गोष्टी लिव्हरला त्रास देऊ शकतात, आणि डॉक्टरांना ते माहीत नसेल तर ते केमोवर संशय घेऊन डोस कमी करतील किंवा पुढं ढकलतील, म्हणजे शिक्षा चुकीच्या माणसाला. लाल औषध लिव्हरवाटे बाहेर पडतं, लिव्हर दमलेलं असेल तर ते अंगात जास्त वेळ रेंगाळतं, म्हणून एवढी काळजी.

आता हळद. आमटीत टाकता ती हळद आणि बाटलीतली कॅप्सूल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के असतं, म्हणजे सपाट चमचाभर हळदीत शंभर मिलिग्रॅमच्या आत-बाहेर, आणि अख्ख्या घराच्या भाजीत आपण घालतो चिमटीभर. त्यातलं पण पोटातनं रक्तात जवळजवळ काही जात नाही. कॅप्सूलवाल्यांना हे माहीत आहे म्हणून ते मिरीचा अर्क घालतात. १९९८ मध्ये बंगलोरला माणसांवर तपासलं होतं, कर्क्युमिनबरोबर मिरीतलं पायपरिन दिलं तर रक्तातलं प्रमाण वीसपट झालं. जाहिरातीत हे अभिमानानं लिहितात. पण मिरी करते काय, तर शरीराची औषध मोडून बाहेर टाकायची जी यंत्रणा आहे तिलाच अडवून धरते, आणि केमोची बरीच औषधं त्याच यंत्रणेतनं जातात. पुढचं पॅक्लिटॅक्सेलपण. हळदीच्या कॅप्सूलनं लिव्हरला सूज आल्याचे रिपोर्ट इटलीत २०१९ ला आले, नंतर अमेरिकेतनं पण, आणि त्यात मिरीवाल्या बऱ्याच होत्या. शिवाय २००२ मध्ये उंदरांवर असं दिसलं होतं की कर्क्युमिन दिलं तर सायक्लोफॉस्फामाइडचा गाठीवरचा परिणाम कमी होतो. लाल पाण्याबरोबर दुसरी जी बाटली लावतात ना, ती सहसा तीच असते. उंदीर म्हणजे माणूस नव्हे हे मान्य, पण आपल्याच आईवर ते तपासून बघायची हौस कुणाला आहे?

तर आमटीत, भाजीत, दुधात चिमूटभर हळद खुशाल चालू दे. आज्ज्याचा मान राहील. बाटली बंद.

मामांच्या डब्याबद्दल. लाल औषध गाठीच्या पेशी मारतं त्यातला एक भाग असा की ते पेशीत जळजळीत कण तयार करतं, आणि अँटिऑक्सिडंटचं कामच ते कण विझवायचं. म्हणजे आपणच पैसे देऊन आग लावायची आणि आपणच पैसे देऊन बंब बोलवायचा. हा नुसता तर्क झाला, पण २०१९ च्या शेवटी अमेरिकेतला एक अभ्यास आला, ब्रेस्टच्याच १,१३४ बायका, केमोपण हीच, लाल पाणी आणि पॅक्लिटॅक्सेल. ज्यांनी केमोच्या आधी आणि केमो चालू असताना व्हिटॅमिन ए, सी, ई, क्यूटेन (कोएन्झाइम क्यू-१०) असलं काही घेतलं त्यांच्यात आजार परतण्याचा धोका ४१ टक्के जास्त दिसला. प्रामाणिकपणे सांगते, घेणाऱ्या बायका थोड्या होत्या म्हणून हा आकडा योगायोगानं आला असण्याची शक्यता पुसता येत नाही. पण बी-ट्वेल्व्ह घेणाऱ्यांचं जे वाईट दिसलं ते जास्त ठळक होतं. साध्या मल्टीव्हिटॅमिनचा चांगला-वाईट काहीच परिणाम दिसला नाही. याचा अर्थ रक्तात बी-ट्वेल्व्ह कमी निघालं तरी घ्यायचं नाही असा नाही, कमी असेल तर डॉक्टर देतातच. आपल्या मनानं घ्यायचं नाही एवढंच.

आणि डब्याची मागची बाजू वाचा, चष्मा लावून. "औषधी वापरासाठी नाही" असं कुठंतरी बारीक अक्षरात असणारच, कायद्यानं छापावंच लागतं, कारण परवाना अन्नाचा आहे, औषधाचा नाही. कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला आपल्या देशात १९५४ पासनं बंदी आहे, म्हणून ती जाहिरात डब्यावर नसते, मामांच्या तोंडात असते. राग मानू नका 🙏

बायोटिन. हे कुणाला माहीत नसतं. त्यानं केस लवकर येतात याला फारसा आधार नाही, केमो संपली की केस आपोआप येतात, पण जास्त बायोटिननं रक्ताचे काही रिपोर्ट खोटे येतात, थायरॉइड, काही हार्मोन, हार्ट अॅटॅकच्या वेळी करतात ती ट्रोपोनिनची टेस्ट. अमेरिकेच्या औषध खात्यानं, एफडीएनं, २०१७ ला तसा इशारा दिलाय. लाल औषध हृदयावर परिणाम करू शकतं, म्हणून आपण इको काढत असतो, आणि उद्या छातीत दुखलं आणि ट्रोपोनिन खोटं नॉर्मल आलं तर? केसांसाठी एवढी रिस्क नको.

गुळवेल: कोविडनंतर मुंबईच्या लिव्हरच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्या काही पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं छापलं. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, ते म्हणाले ती खरी गुळवेल नसेल, दिसायला तशीच दुसरी वेल असेल. वाद त्यांचा चालू दे, तुमच्या काकूंच्या पातेल्यात कुठली वेल आहे हे कोण सांगणार? ११८ असताना तर नाहीच.

गव्हांकुराबद्दल माझा आक्षेप वेगळा आहे. ते कच्चं असतं, मातीतलं असतं आणि डोसनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात. त्या दिवसांत कच्चं काहीच नको, कच्ची मोडाची मटकीपण नको, उकडून खा. धुतलं तरी मातीतले जंतू पुरते जात नाहीत. आणि ताप १००.४ झाला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता असेल तरी दवाखाना. हे फ्रिजवर लिहून चिकटवा, बाकी माझी सगळी पोस्ट विसरलात तरी चालेल.

एक आगाऊ सांगून ठेवते. पॅक्लिटॅक्सेल चालू झालं की बोटांना मुंग्या येतील, आणि मेडिकलवाला लगेच "नसांची गोळी" देईल. त्यात बऱ्याचदा मिथाइलकोबालामिनबरोबर (म्हणजे बी-ट्वेल्व्हच) अॅसिटिल एल कार्निटिन असतं. २०१३ मध्ये ४०९ बायकांवरचा अभ्यास छापून आला, मुंग्या टाळायला म्हणून कार्निटिन दिलं आणि ते घेणाऱ्यांच्या मुंग्या उलट वाढल्या. मुंग्या आल्या तर डॉक्टरांना सांगा, डोस बघायचा असतो, मुंग्या झाकायच्या नसतात.

प्रोटीन पावडर एवढी एकच गोष्ट या पिशवीतली कामाची असू शकते, पण तीपण डाएटिशियनला दाखवून. वजनाच्या किलोमागं रोज एक ते दीड ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे आई पन्नास किलोच्या असतील तर ५० ते ७५ ग्रॅम. अंडी पूर्ण उकडून, डाळ, दूध, पनीर, मासे, चिकन यातनं जमलं तर डबा लागतच नाही. तोंड आलं, जेवण जाईना, वजन उतरलं तर डब्याचा आधार घ्यायचा. मळमळीला आल्याचा छोटा तुकडा किंवा आल्याचा चहा चालतो, त्यावर चांगले अभ्यास झालेत, पण तेपण डॉक्टरांच्या उलटीच्या गोळीला जोड म्हणून, गोळी सोडून नाही.

चहा परत गरम करते आता.

पेवाकाठचा

ताई, काय बोलू. दोनदा वाचलं, मग आण्णांना मोठ्यानं वाचून दाखवलं. आग आणि बंब ऐकून आण्णा हसले, गव्हांकुराचं ऐकून उठून गच्चीवर गेले. फोन करून सांगितलंय, परवा सकाळी लवकर बोलवलंय, सगळं घेऊन या म्हणाले. लक्ष्मणफळाचं राहिलं तेवढं सांगा, मावशी ऐकायला तयार नाही, तिनं झाडच बघून ठेवलंय कुणाच्या तरी बागेत.

साताऱ्याचा_वैद्य

लक्ष्मणफळाचं मी सांगतो. काचेच्या नळीत गाठीच्या पेशींवर त्याचा अर्क ओतला की पेशी मरतात, हे खरं आहे. नळीत फिनेल ओतलं तरी मरतील. माणसांवर केमोशी तुलना कुणी केलेली नाही, तो दहा हजारचा आकडा नळीतलाच, मेसेजवाल्यांनी तो उचलून माणसांना लावलाय. उलट कॅरिबियन बेटांवर, ग्वाडेलूपला, हे फळ आणि त्याच्या पानांचा काढा भरपूर घेणाऱ्या लोकांत कंपवातासारखा आजार जास्त दिसला, त्यातलं एक द्रव्य मज्जातंतूंना घातक असतं. पुढं पॅक्लिटॅक्सेल आहे, ते आधीच नसांना धरतं. एखादी फोड चवीला खाल्ली तर काही होत नाही, पानांचा काढा आणि अर्क मुळीच नको.

मी स्वतः आयुर्वेदाचा आहे, साताऱ्यात दवाखाना आहे, म्हणून एक गोष्ट जरा रागानंच लिहितो. "झाडपाल्याचं आहे, त्यानं काय होतंय" हे वाक्य आयुर्वेदाचं नाही. बिब्बा झाडाचाच आहे, लावून बघा अंगाला. तुमच्या अंगणातल्या सदाफुलीतनं विनक्रिस्टिन काढतात, ती केमोच आहे. आईंना जे पॅक्लिटॅक्सेल मिळणार ते पहिल्यांदा एका झाडाच्या सालीतनंच सापडलं. झाडात जोर असतो म्हणूनच तर औषध होतं, आणि जोर असतो म्हणूनच मात्रा, काळ, पेशंट बघावा लागतो. काढा हे पण औषध आहे. शेजारीण प्रेमानं देते म्हणून ते सरबत होत नाही.

माझ्याकडं केमो चालू असलेले पेशंट येतात. मी त्यांना पोटात काही देत नाही, भस्मं तर अजिबात नाही, त्यातल्या धातूंचा हिशोब कोण ठेवणार. आधी फाईल मागतो, कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करतो, आणि मग पथ्यापाण्याचं बोलतो. मुगाचं कढण, मऊ भात, भाताची पेज मीठ-तूप घालून, तोंड आलं असेल तर जेवणाआधी गार साजूक तूप तोंडात फिरवून धरायचं. तिखट, आंबट बंद. शेक, केमो सगळं संपून रिपोर्ट नीट आले की मग ताकदीचं बघू म्हणून सांगतो. काही जण नाराज होऊन दुसऱ्या वैद्याकडं जातात. जाऊ देत.

कवठ्याचा_दादा

वैद्य बी तेच म्हणायला लागले म्हणल्यावर मी गप्प बसतो 😅 पण एक विचारू का, मुंबईच्या टाटा हॉस्पिटलवाल्यांनी शंभर रुपयाची गोळी काढली म्हणून बातमी होती, केमोचा त्रास निम्म्यानं कमी होतोय आणि कॅन्सर परत येत नाही म्हणे. ती मिळतीय का मिरजेत? ती तर डॉक्टरांचीच हाय.

ड्युटी_संपली

दादा, ती बातमी फेब्रुवारी २०२४ ची. टाटाच्या डॉ. राजेंद्र बडवे यांनी सांगितलं होतं, रेझव्हेरॅट्रॉल आणि तांबं मिळून गोळी, अन्नसुरक्षा खात्याच्या मंजुरीची वाट बघतोय म्हणून. त्यातलं मोठं काम उंदरांवर झालेलं, माणसांवरचं छोटं. बातमी आली त्या आठवड्यात आमच्या खिडकीवर रोज कुणीतरी ती गोळी मागत होतं. एका काकांनी तर स्वतःच शोध लावला, रेझव्हेरॅट्रॉल द्राक्षाच्या सालीत असतं ना, मग रात्रभर तांब्यात ठेवलेलं पाणी आणि त्यावर तासगावची द्राक्षं, झाली टाटाची गोळी 🤦‍♀️ औषधाची मात्रा अशी घरात जुळत नाही. तुमच्या माणसाला ते द्यायचं असेल तर त्याचे डॉक्टरच सांगतील, यादीत घालून विचारा.

कराडकर_जावई

द्राक्षं पण धुऊन खावा रे, किती फवारण्या असतात त्यावर 😄 आणि पेवाकाठच्या भावा, परवा जाताना नुसती नावं सांगू नको, डबे ने. आमच्या सासूबाईंनी "ती पिवळी गोळी" एवढंच सांगितलं होतं, पिवळ्या गोळ्या चार निघाल्या.

पेवाकाठचा

अपडेट देतो, नऊ दिवस झाले, उशीर झाला.

भडंगाची मोठी कापडी पिशवी होती घरात, त्यात सगळं भरलं, आत्तीची बाटली, मामांचा डबा, केसांच्या गोळ्या, मल्टीव्हिटॅमिन, प्रोटीन, काकूंचा काढा एका बाटलीत थोडासा, गव्हांकुराची एक जुडी पण. टेबलावर मांडलं तर डॉक्टर आधी काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "काकू, हे साधं जेवण होय?" आई खाली बघून हसली. मला वाटलेलं ओरडतील. ओरडले नाहीत. प्रत्येक डब्याचा फोटो काढून घेतला, पेननं फाईलवर तारीख घालून यादी केली, आणि एकेकावर काट मारत गेले. वेळ मात्र वीस मिनिटं दिला, बाहेरची गर्दी आमच्याकडं बघून चिडली असणार.

प्रोटीन पावडर राहिली, दिवसाला एकदा, तीपण जेवण कमी झालं तरच. व्हिटॅमिन डी त्यांनी स्वतः तपासायला लावलं, कमी निघालं, आठवड्याची गोळी त्यांनीच दिली. बाकी सगळं बंद. आठ दिवसांनी एसजीपीटी ५२ आलं आणि काल तिसरा डोस झाला. आता ११८ कशानं झालं होतं ते कधीच कळायचं नाही, हळदीनं, गुळवेलीनं का केमोनंच, सगळं एकदम बंद केलं ना. डॉक्टर म्हणाले न कळलेलंच बरं, परत चालू करून बघायचं नाही.

आत्तीला फोन करून सांगितलं तर तिनं विचारलं मग ती बाटली मी घेऊ का गुडघ्याला. तिला ताईंची पोस्ट पाठवलीय. मामा दोन दिवस बोलले नाहीत, काल आले, मोसंबी घेऊन आले, डब्याचा विषय नाही काढला. काकूंना गुळवेल बंद म्हणून सांगायचं काम आईनं स्वतः केलं, म्हणाली, "तुझ्या हातचं मुगाचं कढण दे त्यापेक्षा," आणि काकू रोज देतायत, बोलायची सोय नाही इतकं चांगलं असतंय.

आणि आईनं डॉक्टरांना जाता जाता एकच प्रश्न विचारला, भडंग खाल्लं तर चालतंय का. ते म्हणाले घरी केलेलं, तिखट कमी, वर कच्चा कांदा-कोथिंबीर नको, आणि तोंड आलेलं असताना नको. तिनं हे सगळं पाठ केलंय, माझ्यापेक्षा जास्त.

आण्णा तेवढे विचारतायत की गच्चीवरच्या सात कुंड्यांचं काय करायचं. शेजारच्या म्हशीला घालतोय सध्या, वारावारानं.